बैठकीवरचा लॅपटॉप : निवड कशी करावी ?

नवें पातेलें घरांत आणावयाचें झालें, तर आमच्या घरांतील बायका तें हातांत घेऊन त्याचें वजन पाहतात, बूड ठोकून पाहतात, कडेवरून बोट फिरवितात, आणि त्यांत किती माणसांचें शिजणार हें ठरल्यावरच पैसे मोजतात. मात्र तशा पन्नास पातेल्यांची किंमत ज्या एका वस्तूला पडते, तो लॅपटॉप घेतांना ही सर्व चिकित्सा कोठें जाते कोण जाणे ! दुकानदार आंकडे सांगतो, घरांतील एखादा तरुण मान डोलावितो, आणि यंत्र घरीं येतें. तें कोण वापरणार, कोठें बसून वापरणार आणि कोणत्या ऋतूंत वापरणार, हे तीन प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें हेच प्रश्न पहिले होत.

कचेरींत मेजावर ठेवून चालवावयाच्या यंत्राविषयीं आम्हांला येथें लिहावयाचें नाहीं. दिवसाचें काम उरकल्यावर दिवाणावर लोडाला टेकून, किंवा पलंगावर पाय पसरून, परगांवच्या मुलाबाळांशीं बोलावें, चार पानें वाचावीं, एखादें नाटक अथवा गाणें ऐकावें, विजेचें बिल भरावें, एवढ्याकरितां जें यंत्र घरांत हवें असतें, त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. एकत्र कुटुंबांत असें यंत्र एकाचें नसतें. सकाळीं तें आजोबांचें, दुपारीं वहिनींचें व रात्रीं मुलांचें असतें. म्हणून त्याची निवडही सर्वांचा विचार करूनच झाली पाहिजे.

हा विषय आम्हांला सुचला तो एका दुःखद अनुभवावरून. आमच्या धरमपेठेंतील घरीं दोन वर्षांपूर्वीं एक लॅपटॉप आला. आमचे पुतणे इंजिनियरिंगला आहेत, निवड त्यांची. दुकानदारानेंही ‘सर्वांत दणकट घ्या, पुढें पस्तावा नको’ असें सांगितलें. यंत्र पंधरा इंचांवरचें, अडीच किलो वजनाचें आणि खेळांकरितां बनविलेलें होतें. पुतणे वसतिगृहांत राहावयास गेले, आणि यंत्र काकूंच्या वांट्यास आलें. काकूंची नात जर्मनींत असते. तिची शाळा सुटून ती घरीं येते, तेव्हां आपल्याकडे रात्र झालेली असते. त्या वेळीं काकू पलंगावर पाय पसरून बसत आणि दूरचें बरें दिसतें म्हणून यंत्र मांडीवर न घेतां पायांवर, गुडघ्यांच्या खालीं ठेवीत. कूलरचा वारा सोसत नसल्यामुळें पायांवर दुलई असे. नातीशीं तासदीडतास बोलणें होई, आणि मग कीर्तन ऐकतां ऐकतां त्यांना डुलकीही लागे.

मे महिन्यांत एके दिवशीं वहिनींना काकूंच्या पायावर तांबूस तपकिरी जाळीसारखे डाग दिसले आणि मध्यें एक मोठा फोड आढळला. विचारतां काकू म्हणाल्या, “मला तर कांहींच भाजलें नाहीं गं !” त्यांना वीस वर्षांचा मधुमेह आहे. डॉक्टरांनीं पाय तपासून सांगितलें कीं, दीर्घ मधुमेहांत पायांतील ज्ञानतंतूंची संवेदना पावलांपासून वर वर कमी होत जाते. म्हणून जो चटका निरोग्याला दोन मिनिटांत यंत्र उचलावयास लावील, तो यांना जाणवलाच नाहीं. ती जखम भरून येण्यास सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत घरांतील कोणाच्याही तोंडीं प्रोसेसरचा वेग आला नाहीं.

त्या जाळीदार डागांचा विकार नवा नाहीं. त्वचा भाजण्याइतकी नव्हे, पण सुमारें ४३ ते ४७ अंशांची ऊब वरचेवर एकाच जागीं लागत राहिली, म्हणजे असे डाग पडतात. काश्मिरांत हिवाळ्यांत फेरनच्या आंत निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्या लोकांत ते पूर्वींपासून माहीत आहेत, आणि वर्षानुवर्षें तशी ऊब घेतल्यानें त्या जागीं कर्करोग झाल्याचींही उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. २०१० सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथील डॉक्टरांनीं ‘पीडिॲट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकांत एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो कित्येक महिने रोज कांहीं तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळत असे, आणि तसलेच डाग त्याच्या डाव्या मांडीवर उमटले होते. म्हणजे निखाऱ्याच्या जागीं आतां यंत्र आलें, एवढाच फरक !

यंत्र तापतें कां, हें एकदां समजलें कीं निवड अर्धी झालीच. यंत्र जितकी वीज खातें, ती जवळजवळ सर्व शेवटीं उष्णता होऊनच बाहेर पडते. हलक्या लॅपटॉपांतील प्रोसेसर साधारणतः १५ वॅटांच्या मापाचा असतो, भारी यंत्रांतील ४५ वॅटांचा किंवा त्याहून मोठा, आणि खेळांकरितां चित्रांची वेगळी चिप असेल तर तिची वीज आणखी निराळी. पूर्वींचा ४० वॅटांचा विजेचा दिवा पेटला असतां हातांत धरवत नसे, हें आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. ही उष्णता बाहेर टाकण्याकरितां यंत्रांत लहानसा पंखा असतो, व तो बहुतेक यंत्रांत बुडाच्या जाळींतून हवा ओढतो. मेजावर यंत्राच्या रबरी पायांमुळें खालीं फट राहते. गादीवर अथवा दुलईवर मात्र पाय रुततात, जाळी बुजते, पंखा ओरडूं लागतो, आणि अखेर यंत्र आपण होऊन मंद चालूं लागतें किंवा बंद पडतें. गादीचा कापूस व धूळ आंत ओढली जाते, ती वेगळीच.

यांत आपल्या नागपूरची भर पडते. पुष्कळ लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावे, असें त्यांच्या माहितीपत्रांतच छापलेलें असतें. आणि येथें २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतप्याच्या दुपारीं वीज जाऊन कूलर बंद पडला, कीं घरांतील हवाही ती मर्यादा सहज ओलांडते. ज्या यंत्राची परीक्षा थंड हवेच्या खोलींत झाली, तें आपल्या उन्हाळ्यांत तसेंच वागेल, अशी अपेक्षा करणें भाबडेपणाचें आहे.

आतां निवडीकडे वळूं. सर्वांत सोपी खूण म्हणजे यंत्राबरोबर येणारा चार्जर. त्यावर छापलेले वॅट वाचावे. ४५ किंवा ६५ असतील, तर यंत्र बैठकीवर चालण्याजोगें आहे असें समजण्यास हरकत नाहीं. १५० किंवा २०० असतील, तर तें मेजाचें यंत्र होय, पलंगाचें नव्हे. कांहीं यंत्रांत पंखाच नसतो. २०२० सालीं निघालेला ॲपलचा एम-वन चिपचा मॅकबुक एअर त्यांपैकींच. अशा यंत्राला बुजणारी जाळी नाहीं व आवाजही नाहीं. तथापि त्याची उष्णता धातूच्या कवचांतूनच जात असल्यामुळें तेंही उघड्या कातडीवर तासन्‌तास ठेवूं नये.

दुसरी गोष्ट वजनाची. तेरा-चौदा इंचांचें व दीड किलोच्या आंतलें यंत्र मांडीवर बेताचें बसतें, आणि काकूंसारख्या वयाच्या माणसालाही एका हातानें उचलतां येतें. पंधरा-सोळा इंचांचा पडदा मोठा खरा, परंतु लोडाला टेकलें असतां पडदा डोळ्यांजवळच असतो. त्यामुळें तो मोठेपणा फारसा उपयोगी पडत नाहीं. अक्षरें बारीक वाटलीं तर तीं यंत्रांतच मोठीं करतां येतात, आणि ही एवढीशी युक्ति घरांतील वडील माणसांना कोणी शिकविलेली नसते.

तिसरी गोष्ट पडद्याची. आडवें होऊन पाहणाराची नजर पडद्यावर सरळ न पडतां वरून, खालून किंवा बाजूनें पडते. स्वस्त यंत्रांतील टीएन जातीच्या पडद्यावर अशा वेळीं रंग काळवंडतात. आयपीएस जातीच्या पडद्यावर तसें होत नाहीं. उजेड ३०० निट किंवा अधिक असावा, आणि पृष्ठभाग चकचकीत नसावा. नाहींतर खिडकीचें प्रतिबिंबच पाहत बसावें लागतें. बिजागरी ताठ पण सुकर असावी. २०१२ सालीं लेनोव्हो कंपनीनें पूर्ण उलट वळणाऱ्या बिजागरीचें यंत्र काढलें व त्यास ‘योगा’ असें नांव दिलें; पुढें इतर कंपन्यांचींही तशीं यंत्रें निघालीं. असें यंत्र तंबूप्रमाणें उभें करून ठेवतां येतें. ज्याला केवळ पाहावयाचें व बोलावयाचें आहे, लिहावयाचें नाहीं, त्याला ही सोय फार उपयोगी आहे. कारण त्यामुळें यंत्र अंगावर ठेवण्याची गरजच उरत नाहीं.

आंतल्या भागांविषयीं थोडक्यांत सांगावयाचें, तर मेमरी ८ जीबीपेक्षां कमी नको, १६ असल्यास उत्तम. कारण पुष्कळ पातळ यंत्रांत ती मागाहून वाढवितां येत नाहीं. साठवण एसएसडीचीच असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्यें फिरती तबकडी असते, आणि पलंगावर आदळआपट व्हावयाचीच. बॅटरीचें माप वॅट-तासांत असतें. ५० वॅट-तासांची बॅटरी व वाचनाचा सरासरी ७ वॅट खर्च धरला, तर सुमारें सात तास मिळतात. तेवढें घरास पुरे.

मराठी लिहिण्याची सोय विसरूं नये. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांत समाविष्ट झालेली इनस्क्रिप्ट ही कळरचना आज बहुतेक सर्व यंत्रांत आयतीच असते. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास येतात. पंधरा दिवसांच्या सवयीनें साठीच्या माणसासही ती साधते, हें आम्हीं घरीं पाहिलें आहे. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड आतां इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतात. पूर्वीं ज्या ग्रंथांना एक कपाट लागे, ते मांडीवर येऊन बसले आहेत. संध्याकाळीं घरांतील मुलांनीं त्यांतील एक नोंद मोठ्यानें वाचावी व वडिलांनीं ऐकावी, यासारखा या यंत्राचा दुसरा सदुपयोग आम्हांला दिसत नाहीं.

सीताबर्डीवर खरेदीस जाल, तेव्हां ज्याला यंत्र वापरावयाचें आहे त्या माणसाला बरोबर न्यावें. दुकानांत खुर्चीवर बसून यंत्र मांडीवर घ्यावें, एखादी चित्रफीत पंधरा मिनिटें चालवावी, आणि मग बुडाला हात लावून पाहावा. जाळी कोठें आहे, गरम हवा कोणत्या बाजूनें निघते, हें उलटें करून पाहावें. दुकानदार घाई करील, करूं द्यावी. लुगडें घेतांना दहा घड्या मोडणाऱ्या घराण्याला यांत संकोच कसला ? चार्जर पुढें कधीं बदलावा लागलाच, तर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्यावा.

यंत्र कितीही चांगलें निवडलें, तरी वापराचे कांहीं नियम पाळावेच लागतात. गादी, दुलई व उशी यांवर तें चालूं स्थितींत ठेवूं नये. खालीं लांकडी पाट अथवा पायांचें लहान मेज असावें. चार्जर पांघरुणाखालीं जाऊं देऊं नये. कूलरच्या तोंडासमोर, जेथें पाण्याचे तुषार येतात, तेथें बसूं नये. उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य झपाट्यानें घटतें. आणि कळफळीजवळचा भाग फुगलेला दिसला, तर यंत्र ताबडतोब बंद करून दुरुस्तीस द्यावें. अंथरुणांत तें घेऊन झोपणें तर सर्वथा वर्ज्य मानावें. २०१४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, निजण्यापूर्वीं उजळ पडद्यावर वाचणारांना छापील पुस्तक वाचणारांपेक्षां झोंप उशिरा लागते, असें दिसून आलें. मुलांच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आणि ज्या घरांत मधुमेही माणूस आहे, तेथें यंत्र अंगाला लागूं न देणें, हा नियम कोणत्याही सबबीवर मोडूं नये.

आमच्या घरीं आतां एक किलो तीनशे ग्रॅमचें लहान यंत्र आलें आहे, आणि तें मोठें यंत्र पुतण्यांच्या मेजावर गेलें. तरीही काकूंना तें मांडीवर अथवा पायांवर घेऊं द्यावयाचें नव्हतें. तेव्हां थोरल्या बंधूंना माळ्यावरची आजोबांची पेटी आठवली. गादीवर बसून जमाखर्च लिहावयाची, उतरत्या झांकणाची ती सागवानी पेटी चाळीस वर्षें कोणी उघडली नव्हती. सुतारानें उतारावर दोन पट्ट्या ठोकून दिल्या. त्यांवर यंत्र टेकतें व खालून हवा खेळते. काकू लोडाला टेकून बसतात, पेटी शेजारीं असते आणि पाय मोकळे असतात. परवां नातीनें पलीकडून विचारलें, “आजी, हें जुनें डेस्क कुणाचें ?” त्यावर काकूंनीं अर्धा तास आपल्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. यंत्राची निवड चुकली तेव्हां घरांत कोणाला दोष द्यावयाचा, यावर बराच खल झाला होता. खरा दोष सर्वांचाच होता; कारण ज्या माणसाकरितां वस्तु आणावयाची, त्याची बसण्याची जागा कोणीच पाहिली नव्हती.