खासगी आरोग्य विम्याची वाटचाल

● १९८६ : सरकारी कंपन्यांची ‘मेडिक्लेम’ पॉलिसी सुरू.
● १९९९ : नव्या कायद्याने खासगी कंपन्यांना परवानगी; परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्के. २०२१मध्ये ती ७४ टक्के.
● २००१ : पुण्यातून बजाज अलियान्झ या खासगी विमा कंपनीची सुरुवात.
● २००६ : केवळ आरोग्य विम्याला वाहिलेली देशातील पहिली खासगी कंपनी, स्टार हेल्थ.
● २०२४ : आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ कमाल ४ वर्षांवरून ३ वर्षे, कॅशलेस मंजुरीचा निर्णय तासाभरात देण्याचा नियम.
● २०२५ : २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द.

शहापूर तालुक्यातील सापगावकरांनी हे पाहावे : हप्ता भरण्याआधी शहापूर, मुरबाड, कल्याणमधील कोणती रुग्णालये कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत, ते तपासा. जवळ उपचार मिळाले, तरच विमा वेळेवर उपयोगी पडतो.