जपानला जाण्यापूर्वी

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारागीर नव्या यंत्राची माहिती घेण्यासाठी जपानला निघाला आहे, अशी कल्पना करा. त्याचे हात कुशल आहेत. पण बोलावयाचे कसे? काही वाक्ये त्याने येथूनच पाठ करून जावीत.

सकाळी कोणी भेटल्यास ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणून अभिवादन करावे. वाट विचारावयाची असल्यास आधी ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘क्षमा करा’, असे म्हणावे. मग ‘एकि वा दोको देसु का?’, म्हणजे ‘स्टेशन कोठे आहे?’, असे विचारावे. उत्तर मिळताच ‘अरिगातो गोझाइमासु’ म्हणून आभार मानावेत.

मराठी माणसास या भाषेची ठेवण अगदीच परकी वाटत नाही. ‘पाणी द्या’ यास ‘मिझु ओ कुदासाइ’ म्हणतात. क्रियापद आपल्याप्रमाणेच शेवटी येते. वरील प्रश्नाच्या अखेरीचा ‘का’ तर आपल्या ‘येता का?’ मधल्यासारखाच! आपण नावापुढे ‘राव’ लावतो, तसे तेथे आदराने ‘सान’ लावतात. मात्र स्वतःच्या नावास तो कधीही लावू नये.

कारखान्यात दोन शब्द विशेष ध्यानात ठेवावेत. ‘अबुनाइ!’ म्हणजे ‘धोका आहे!’ हा शब्द कानी पडताच सावध व्हावे. सूचना कळली नाही, तर ‘वाकारिमासेन’, म्हणजे ‘समजले नाही’, असे सांगण्यास लाजू नये. न समजता मान डोलावणारा स्वतःचा आणि सोबत्यांचाही जीव संकटात घालतो.