कारखान्याची डायरी आणि वेब अ‍ॅप्लिकेशन : सुरुवात कोठून करावी?

गोवंडीत शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या गल्ल्यांतून फिरले की माळ्यामाळ्यावर शिलाईचे आणि जरीकामाचे कारखाने दिसतात. कापड आमच्यासारख्या व्यापाऱ्याकडून जाते, काम होऊन परत येते. मध्ये पुरावा काय, तर चलनाची चिठ्ठी आणि उस्तादची डायरी. दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर आमच्याकडे एका कारागिराच्या नावावर चाळीस पीस बाकी निघाले. आम्ही त्याची मजुरी कापली, तो काम सोडून गेला. पुढे एका थानाच्या घडीत चिठ्ठी सापडली. माल त्याने दिलेला होता. पैसे आम्ही घरी नेऊन दिले, पण तो परत आला नाही. त्यानंतर हा हिसाब संगणकावर आणायचे आम्ही ठरवले. त्यात जे शिकलो ते येथे मांडतो.

आजकाल मुले ‘फुल स्टॅक’ हा शब्द वापरतात. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे शब्दाला आम्ही आधी बिचकलो. अर्थ सोपा आहे. मोबाईलवर दिसणारा पडदा म्हणजे दुकानाची गादी, त्याला फ्रंटएंड म्हणतात. आत बसून नियम लावणारा मुनीम तो बॅकएंड. आणि खातेवही म्हणजे डेटाबेस. तिन्ही मिळून एक पेढी. गिऱ्हाईक गादीवर बोलते. वहीला हात मुनीमच लावतो. पडद्यावरून थेट वहीत लिहू दिले, तर कोणीही घरबसल्या स्वतःची बाकी शून्य करील.

सामानाला दाम पडत नाही. पडद्यासाठी रिअ‍ॅक्ट (फेसबुकने २०१३ साली खुले केलेले), मुनीमासाठी नोड-जेएस, वहीसाठी पोस्टग्रेस, तिन्ही फुकट. दुसरीही नावे आहेत, त्यावर वाद घालीत बसू नये. जे तुमच्या कामाच्या मुलाला चांगले येते ते घ्यावे.

खरे काम कागदावर आहे. पहिला आठवडा संगणक उघडूच नये. कारागीर, माल, चलन, जमा, उचल असे पाच तक्ते आम्ही कोऱ्या वहीत आखले. प्रत्येक कारागिराला एक क्रमांक दिला, कारण एकाच गल्लीत एकाच नावाचे तिघे निघाले, आणि एकच नाव मराठीत, उर्दूत, इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिले जाते. नोंद क्रमांकाने शोधावी, नाव फक्त दाखवण्यापुरते. दुसरे असे की नोंद कधी पुसायची नाही. चूक झाली तर जुन्या मुनीमांप्रमाणे उलटी नोंद टाकायची, म्हणजे कोणी कधी काय बदलले ते राहते. आमच्या चाळीस पिसांचा घोळ याच नियमाने वाचला असता.

पैशाची एक बारीक गोष्ट. संगणक दशांशाचे आकडे आतून दोनच्या पटीत मांडतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये नेमकी ०.३ येत नाही, शेपटीला कण चिकटतो. पिसामागे साडेसात रुपये मजुरी असेल, तर ७५० पैसे असा पूर्ण आकडा ठेवावा आणि रुपये फक्त पडद्यावर दाखवावेत. कापडही मीटरऐवजी सेंटीमीटरमध्ये.

तसेच, माल जमा झाला की दोन ठिकाणी लिहावे लागते, कारागिराची बाकी कमी आणि गोदामाचा साठा जास्त. मधेच लाईट गेली तर एक लिहिले, एक राहिले असे होते. डेटाबेसमध्ये ‘ट्रान्झॅक्शन’ची सोय असते. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. मुलाला हे विचारूनच घ्यावे.

पहिल्या दिवशीच गिट चालू करावे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेले हे साधन कोडमधील प्रत्येक बदल तारखेनिशी ठेवते. मात्र डेटाबेसचा पासवर्ड त्यात कधी घालू नये. तो वेगळ्या फायलीत, आणि ती फाईल गिटच्या बाहेर. कारागिरांचे पासवर्डही जसेच्या तसे साठवायचे नसतात, त्यांचे ‘हॅश’ साठवतात, म्हणजे वही चोरीला गेली तरी पासवर्ड वाचता येत नाही. ओटीपी पाठवायचा विचार असेल तर आधीच सांगतो, आपल्याकडे एसएमएसचा नमुना डीएलटीवर नोंदवावा लागतो. त्यात दिवस जातात, म्हणून आम्ही पिनवर भागवले.

एक ठोकर आम्ही खाल्ली, तुम्ही खाऊ नका. पहिल्या खेपेस डोमेन आणि सर्व्हर दोन्ही काम करणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवर घेतले. देण्याघेण्यावरून बिनसले आणि आमचीच वही आम्हाला बंद झाली. सहा महिन्यांच्या नोंदी पुन्हा चिठ्ठ्यांवरून भरल्या. डोमेन, सर्व्हर, गिटचे खाते, तिन्ही मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाईल नंबरवर असावीत. दुकानाचा पागडी-करार कोणी नोकराच्या नावावर करीत नाही.

बॅकअप रोज रात्री आपोआप, आणि दुसऱ्या जागी. महिन्यातून एकदा तो रिकाम्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडणारा बॅकअप आमच्याकडे एकदा निघाला आहे.

पडदा शेवटी करावा, आणि मोबाईलच्या मापाचा. आमच्या कारागिरांत उर्दू वाचणारे पुष्कळ. उर्दू उजवीकडून चालते, पण चलन क्रमांक आणि रक्कम डावीकडूनच वाचतात. ही मांडणी सुरुवातीलाच सांगितली नाही तर नंतर सगळे पडदे उसवावे लागतात. बटणे तीन पुरेत: माल घेतला, माल दिला, माझी बाकी. तिसरे बटण आम्हाला आधी सुचलेच नव्हते. ते एका उस्तादने मागितले. आता सर्वांत जास्त तेच दाबले जाते.

डायरी लगेच बंद करू नये. आम्ही तीन महिने दोन्ही चालवले, आणि आठवड्याच्या हिसाबाला उस्ताद डायरी घेऊन बसे, आम्ही मोबाईल घेऊन. पहिल्या आठवड्यात नऊ ठिकाणी फरक आला. सहा चुका आमच्या भरणीच्या होत्या, तीन डायरीच्या.