चार थॉमस आणि एक सॅम्युएल

पहाटे साडेपाच

नोव्हेंबर आहे. बॉस्टनच्या दक्षिणेला, माझ्या खिडकीबाहेर, अजून काळोख आहे. इंग्लंडात मात्र साडेदहा वाजलेत आणि नॉरिचचा दफ्तरखाना उघडलाय. पाच तासांचा हा फरक सांभाळत चौदा वर्षं झाली. दुसऱ्यांच्या वंशावळी शोधून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. इंग्लंडातून सतराव्या शतकात न्यू इंग्लंडला आलेली घराणी हा त्यातला माझा भाग.

आजचं प्रकरण लिंकन घराण्याचं आहे. मेन राज्यात राहणारे ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ, आडनाव लिंकन. घरात चार पिढ्यांपासून सांगत आलेत की आपण राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या मूळपुरुषाचे, म्हणजे सॅम्युएल लिंकनचे वंशज. त्यांना ते कागदावर हवंय, नातवंडांसाठी. मुदत आज संध्याकाळची.

चहा घेऊन फोन लावला. महिन्यापूर्वी मागवलेलं एक मृत्युपत्र तिथल्या बाई मला वाचून दाखवणार होत्या. याच दफ्तरखान्यावर 1 ऑगस्ट 1994 ला मोठं संकट आलं होतं. तेव्हा तो नॉरिचच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात होता आणि वरच्या ग्रंथालयाला आग लागली. एक लाखाहून जास्त पुस्तकं जळाली. खालचे कागद पाण्याने भिजले, पण लोकांनी ते बाहेर काढले, वाळवले, वाचवले. त्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानते. मृत्युपत्रात तीन मुली निघाल्या. थॉमस नावाचा मुलगा किंवा पुतण्या त्यात नाही. वहीत लिहून ठेवलं. थॉमस का शोधतेय, ते पुढे येईल.

सकाळी सात

पडद्यावर नॉरफकमधल्या हिंगम गावाची चर्चची नोंदवही. इंग्लंडात प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवावं असा हुकूम 1538 मध्ये थॉमस क्रॉमवेलने काढला. आमचा सगळा धंदा त्या हुकुमावर उभा आहे. 24 ऑगस्ट 1622 : एडवर्ड लिंकनचा मुलगा सॅम्युएल, बाप्तिस्मा.

ही ओळ वाचायला डोळा तयार लागतो. त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षरात ‘सी’ हा ‘आर’सारखा दिसतो, ‘ई’ उलटा वळतो, अक्षरं एकमेकांत शिरतात. मी पुण्यात असताना मोडी शिकले होते. लेखणी न उचलता लिहिलेल्या ओळीत शब्द कुठे तुटतो हे ओळखायची सवय तिथे लागली, ती इथे कामी आली. मोडी वाचणाऱ्याला ठाऊक असतं की एकेक अक्षर सोडवत बसलं की अडकायला होतं. आधी लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा, मग शब्द आपोआप उलगडतात. हिंगमच्या या पानावरही तसंच आहे. आधी पाद्रीबुवांचा हात कळला, मग सॅम्युएल सापडला.

साडेआठ

आता दुसरा कागद. 8 एप्रिल 1637, यारमथ बंदर. देश सोडून जाणाऱ्याला तेव्हा सरकारी परवानगी लागे. अधिकारी एकेकाला समोर उभं करून नाव, गाव, धंदा, वय विचारत. ‘जॉन अँड डोरोथी’ जहाजाच्या यादीत नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉझ आहे, त्याची बायको, मुलगी मेरी आणि दोन नोकर. त्यातला एक ‘सॅम्युएल लिंकॉर्न’, वय 18.

1622 साली बाप्तिस्मा झालेला मुलगा 1637 मध्ये पंधराचा हवा. इथे अठरा लिहिलंय.

नवशिका इथे दोनपैकी एक चूक करतो. एक तर तीन वर्षांकडे काणाडोळा करून ‘हाच तो’ म्हणतो, नाही तर घाबरून ‘हा दुसराच’ म्हणून सोडून देतो. माझ्या मते दोन्ही आळस आहेत. वय त्या काळी अंदाजाने सांगत. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. समुद्रापार कामाला निघालेला पोरगा वय वाढवूनही सांगू शकतो. पण ‘शकतो’ म्हणजे पुरावा नाही. पुरावा समुद्राच्या या बाजूला मिळतो. मॅसॅच्युसेट्समधल्या नव्या हिंगमात सॅम्युएलचे दोन भाऊ, थॉमस आणि डॅनियल, आधीच येऊन राहिले होते. थॉमस विणकर होता, त्याला मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्या माघारी मालमत्ता भाऊ सॅम्युएलच्या घरात गेली. यादीतला सॅम्युएल विणकराच्या हाताखालचा, भाऊ विणकर, गाव तेच. हे धागे एकत्र आल्यावरच मी वयाचा फरक बाजूला ठेवते. आणि तरीही अहवालात तो फरक लिहून ठेवते, लपवत नाही.

दहा

पोहे. खाता खाता तारखा तपासल्या, कारण या कामात सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत 1752 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी 1735 लिहिलेला कागद आपल्या हिशोबाने 1736 चा. हे विसरलं की बाप मुलाच्या जन्माच्या वर्षभर आधी मरतो, बायको लग्नाच्या आधी बाळंत होते, आणि चांगल्या घराण्यावर नसता ठपका येतो. आपल्याकडे शक आणि इसवी सनाची गाठ घालताना जी काळजी घेतात, तीच इथे.

साडेदहा ते बारा

आता थॉमस. हिंगमच्या सुरुवातीच्या वसाहतकारांत थॉमस लिंकन नावाचे चार जण होते. गावकऱ्यांनीच त्यांना धंद्यावरून वेगळं केलं : विणकर, गिरणीवाला, शेतकरी आणि पिंपं बनवणारा. जुन्या नोंदींत नावापुढे हा धंदा लिहिलेला असतो. असतो, पण प्रत्येक वेळी नाही. जिथे कारकुनाने तो शब्द गाळला, तिथे तीनशे वर्षांनी कुणाची तरी वंशावळ भलत्याच झाडावर चढते.

माझ्या हातूनही हे झालंय. अकरा वर्षांपूर्वी एका कुटुंबाला मी चुकीचा थॉमस लावून दिला. त्यांनी तो समारंभात वाचून दाखवला होता. दोन वर्षांनी एका जमिनीच्या कागदावरून चूक कळली. पत्र लिहून कळवलं, पैसे परत केले. त्या कुटुंबातल्या आजी तोवर वारल्या होत्या. त्यांना खरं कळलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आज दीड तास फक्त जमिनी. हिंगम 1803 पर्यंत सफक काउंटीत होतं, मग प्लिमथ काउंटीत गेलं. त्याआधीची मृत्युपत्रं आणि वाटण्या एका ठिकाणी, नंतरच्या दुसऱ्या. मेनच्या गृहस्थांची साखळी त्यांच्या घरच्या बायबलमधल्या नावांवरून मागे नेत गेले. पणजोबा, खापरपणजोबा, मग अठराव्या शतकातला वाटणीचा एक कागद. त्यात खाजणाचा एक तुकडा भावांमध्ये वाटलाय आणि तुकडा कुठून आला हेही लिहिलंय. तो तुकडा पिंपं बनवणाऱ्या थॉमसच्या घराचा आहे.

सॅम्युएलचा नाही.

खुर्चीत मागे टेकून बसले थोडा वेळ. मग ओळ पुन्हा वाचली, आणखी एकदा वाचली.

दुपारी एक

गाडी काढून हिंगमला गेले. कागद पुरे झाले की जागेवर जायचं, हा माझा नेम आहे. 1681 मध्ये बांधलेलं ‘ओल्ड शिप’ चर्च अजून उभं आहे आणि त्यात अजून प्रार्थना होते. आतलं छत उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारखं आहे. सॅम्युएल 1690 पर्यंत जगला. हे वासे त्याने पाहिले असणार.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हिंगमला गाव म्हणून मान्यता मिळाली 1635 मध्ये. ही जमीन ज्यांची होती, त्या मूळ रहिवाशांच्या वॉम्पाटक या प्रमुखाने खत करून दिलं ते 1665 मध्ये. तीस वर्षं लोक आधी नांगरत होते, खत मागाहून आलं. ज्यांनी जागा दिली त्यांच्या वंशावळी शोधायला मला क्वचितच कुणी बोलावतं. ज्या वाटणीच्या कागदांवर मी दिवस काढते, त्यांच्या खाली हे खत आहे.

मागच्या दफनभूमीत जनरल बेंजामिन लिंकनची कबर आहे. हा पिंपं बनवणाऱ्या थॉमसचा वंशज. 19 ऑक्टोबर 1781 ला यॉर्कटाउनला इंग्रज सैन्याने शरणागती पत्करली. लॉर्ड कॉर्नवॉलिस आजाराचं कारण सांगून आला नाही, त्याने दुय्यम अधिकारी पाठवला, आणि वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून ती शरणागती याच बेंजामिन लिंकनने स्वीकारली. तोच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि 1792 मध्ये हरिपंत फडके यांच्या मराठी फौजेसोबत श्रीरंगपट्टणला टिपूसमोर उभा राहिला. शाळेत आपण वाचलेला कॉर्नवॉलिस तो. कबरीपाशी उभं राहिल्यावर वाटलं, मेनच्या गृहस्थांना मी रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

तीन

घरी येऊन राष्ट्राध्यक्षांची साखळी शेवटची तपासली. सॅम्युएल, मोर्डेकाय, पुन्हा मोर्डेकाय, जॉन, अब्राहम, थॉमस आणि मग अब्राहम. सात पिढ्या. दुसरा मोर्डेकाय मॅसॅच्युसेट्समधून न्यू जर्सीत आणि तिथून पेन्सिल्व्हेनियात गेला. जॉन व्हर्जिनियात, आजोबा अब्राहम केंटकीत. मोर्डेकायने 1736 च्या मृत्युपत्रात न्यू जर्सीची जमीन जॉनला दिली, आणि 1748 मध्ये जॉनने ती विकली. अशा एका विक्रीच्या कागदाने दोन राज्यं जोडली जातात. नाव सारखं असणं पुरत नाही. बापाची जमीन मुलाने विकावी लागते.

1786 मध्ये केंटकीत मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात आजोबा मारले गेले, तेव्हा थॉमस आठ वर्षांचा होता. मागचं सांगणारा माणूसच गेला. म्हणून राष्ट्राध्यक्षांना व्हर्जिनिया आणि पेन्सिल्व्हेनियाच्या मागचं काही ठाऊक नव्हतं. 1848 मध्ये हिंगमच्या सॉलोमन लिंकन यांनी त्यांना पत्र लिहून विचारलं, तेव्हा त्यांनी माहीत होतं तेवढंच कळवलं. डिसेंबर 1859 मध्ये, उमेदवारीची चर्चा सुरू असताना, त्यांनी स्वतःची छोटी हकिकत लिहून दिली. न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे काही नावं सारखी आहेत यापलीकडे हाती लागलं नाही, असं त्यांनी त्यात नोंदवलं. मतं मागायच्या वर्षात जुन्या, मानाच्या घराण्याचा आधार त्यांना सहज घेता आला असता. घेतला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव अँजू नावाचा माणूस श्रीमंत अमेरिकनांना खोट्या वंशावळी बनवून विकत होता. त्याच्या बनावट पानांनी आजही लोक फसतात. या दोघांपैकी कुणासारखं काम करायचं, हे मी पहिल्याच वर्षी ठरवलं.

पाच

अहवाल लिहिला. अकरा पानं. प्रत्येक दुव्यासमोर कागद, आणि जिथे कागद नाही तिथे ‘नाही’. सॅम्युएल आणि पिंपं बनवणारा थॉमस चुलत भाऊ असतील का, हेही गृहस्थांनी विचारलं होतं. पहाटे नॉरिचला फोन केला होता तो त्यासाठीच. तिथूनही दुवा आला नाही.

साडेसात

फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे आम्ही त्यांचे कुणी नाही?”

म्हटलं, “कागदावर नाही. तुम्ही पिंपं बनवणाऱ्या थॉमसचे. जनरल बेंजामिन लिंकन तुमच्या घराण्यातला.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नातवंडांना हेच पाठवा. जे आहे ते.”

रात्री नऊ

अहवाल पाठवला. पहिल्या पानावर लिहिलंय : मूळपुरुष थॉमस लिंकन, पिंपं बनवणारा, हिंगम. सॅम्युएल लिंकनशी नातं सिद्ध झालेलं नाही.