तेलशुद्धीकरण यंत्रणेसाठी क्षरणरोधी धातूंची निवड

तेलशुद्धीकरण कारखान्यातील मनोरे, भट्ट्या, उष्णता विनिमयक व नळ यांच्यासाठी क्षरणाला (गंजण्याला) पुरेसा विरोध करणारे धातू ठरविणे हे रासायनिक अभियांत्रिकीतील व धातुशास्त्रातील एक महत्त्वाचे काम आहे. शुद्ध हायड्रोकार्बने पोलादाला फारशी इजा करीत नाहीत. ती करतात कच्च्या तेलाबरोबर येणारी गंधकाची संयुगे, नॅप्थेनिक आम्ले, क्षार आणि पाणी.

कारखान्याचा बराचसा भाग साध्या कार्बन पोलादाचाच असतो. ते स्वस्त असते व त्याचे वेल्डिंग सोपे असते. मात्र सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या वर गंधकाची संयुगे लोखंडाशी क्रिया करून आयर्न सल्फाइड बनवितात आणि नळाची भिंत पातळ होत जाते. पोलादातील क्रोमियममुळे ही झीज मंदावते, म्हणून तेथे ५ किंवा ९ टक्के क्रोमियमचे पोलाद वापरतात. नॅप्थेनिक आम्लांपुढे तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ किंवा ३१७ जातीचे अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील) लागते.

महाग धातू सर्वत्र चालतोच असे नाही. ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्याशी क्षारांपासून निघालेले हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात उतरते. तेथे ३१६ जातीच्या पोलादाला क्लोराइडमुळे तडे जाऊ शकतात, म्हणून मोनेल या निकेल-तांबे मिश्रधातूचे अस्तर देण्याची पद्धत आहे. तेल आधीच पाण्याने धुऊन क्षार काढणे हा त्याहून मूलभूत उपाय होय.

कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील शेव्हरॉन कारखान्यात ६ ऑगस्ट २०१२ रोजी ऊर्ध्वपातन विभागातील १९७६ साली बसविलेला कार्बन पोलादाचा नळ फुटला. बाहेर पडलेल्या वाफेच्या ढगात १९ कर्मचारी सापडले. आग लागूनही ते सर्व वाचले. पुढे परिसरातील सुमारे १५,००० लोकांनी वैद्यकीय मदत घेतली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार कारण गंधकजन्य क्षरण हेच होते. फुटलेल्या तुकड्यात सिलिकॉन अत्यल्प होते, आणि ०.१० टक्क्यांहून कमी सिलिकॉन असलेले कार्बन पोलाद कितीतरी वेगाने झिजते. तपासणीची ठिकाणे मुख्यतः वळणांवर व जोडतुकड्यांवर होती. त्यांत सिलिकॉन पुरेसे असल्याने जाडी ठीक दिसे, शेजारचा सरळ नळ मात्र पातळ होत होता. अशा जुन्या नळमार्गांत प्रत्येक तुकड्याची जाडी स्वतंत्रपणे मोजावी लागते, अन्यथा संपूर्ण नळमार्ग क्रोमियमयुक्त पोलादाचा करावा लागतो.