काचुरवाहीचे ब्लॅनफोर्डाइट

धारवाडच्या सुभाष रोडवर नित्य खरेदीस येणाऱ्या मराठी माणसास आपल्या गावाचे नाव भारतातील अतिप्राचीन खडकांना दिले गेले आहे, हे बहुधा ऐकून ठाऊक असते. परंतु एके काळी हेच नाव नागपूर जिल्ह्यातील रामटेक तालुक्यापर्यंत पोहोचले होते, ही हकीकत फारशी कोणास माहीत नसते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे एल. एल. फर्मोर यांनी मँगॅनीजविषयीच्या आपल्या १९०९ च्या बृहद्ग्रंथात मध्यप्रांतातील मँगॅनीजयुक्त थर धारवाडी काळातीलच मानले. आज ते सौसर या वेगळ्या सदराखाली गणले जातात. रामटेक तालुक्यातील काचुरवाहीस सापडलेल्या एका दुर्मिळ मँगॅनीजयुक्त सिलिकेटास त्यांनी थोर भूवैज्ञानिक ब्लॅनफोर्ड यांचे नाव दिले.

हे खनिज पायरोक्सीन गटातील आहे. नुसत्या डोळ्यांनी त्याचा निवाडा करू नये. टाकणखाराच्या मण्यात किंचित चूर्ण घालून ऑक्सिडीकारक ज्योतीत तापविल्यास मणी जांभळा होतो, व क्षपणकारक ज्योतीत तोच रंग नाहीसा होतो. एवढ्याने मँगॅनीजची साक्ष मिळते, खनिजाची नव्हे, कारण गुलाबी ऱ्होडोनाइटही हीच साक्ष देईल. खरी ओळख पटते ती ०.०३ मिलिमीटर जाडीचा पारदर्शक छेद ध्रुवित प्रकाशात, सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या पीठावर ठेवल्यावर. योग्य दिशेने कापलेला कण गुलाबी दिसत असतो. पीठ हळूहळू फिरवू लागावे, तो गुलाबी ओसरत जाऊन काटकोन पुरा होताच तोच कण आकाशी निळा झालेला दिसतो, आणि आणखी एका दिशेने पाहिल्यास निळसर जांभळा. खनिजशास्त्रात इतके मनोहर दृश्य मला क्वचितच आढळले आहे.

तरीही केवळ रंगावर भिस्त ठेवणे इष्ट नव्हे. झाबुआकडील काजळीडोंगरीचे विंचाइट हेही निळे, मँगॅनीजच्याच परिसरातले. परंतु ते अँफिबोल असल्याने त्याच्या पाटनाच्या रेषा सुमारे ५६ अंशांत छेदतात, तर ब्लॅनफोर्डाइटमध्ये हा कोन ८७ अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ काटकोन असतो. पीमोंटाइटही गुलाबी दिसते, पण त्यात पिवळी छटा येते, निळी नव्हे.

१९८८ साली पायरोक्सिनांची नामावली नव्याने ठरविण्यात आली, तेव्हा स्वतंत्र जाती म्हणून ब्लॅनफोर्डाइटचे नाव बाद झाले व ते एजिरीन-ऑजाइटचा मँगॅनीजयुक्त प्रकार ठरले. निर्णय शास्त्रशुद्ध आहे. तथापि ज्या महाविद्यालयांच्या कपाटांत या खनिजाचे जुने छेद असतील, त्यांनी नवे नाव अवश्य लिहावे, पण चिठ्ठीवरील काचुरवाही हे गाव मात्र खोडू नये.