काचेच्या खोक्यातले पिल्लू

मुलीची सातवीची परीक्षा संपली आणि बापाने दिलेला शब्द पाळला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी काम करणारा हा आमचा शेजारी. वर्षभर मुलीचा एकच हट्ट होता, "पप्पा, आपण कुत्रा पाळू." एका रविवारी दोघे बापलेक दुकानात गेले. काचेच्या खोक्यात कागदाच्या कपट्यांवर चार पिल्ले एकमेकांना बिलगून झोपली होती. दुकानदार म्हणाला, "अस्सल लॅब्रेडोर आहे. पंचेचाळीस दिवसांचे. लस झालेली आहे." आठ हजारांत सौदा ठरला. पावती मागितली तेव्हा त्याने एक रंगीत कार्ड हातात दिले, त्यावर कोणाची सही नव्हती.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने दुधाला तोंड लावले नाही. रात्री उलट्या झाल्या आणि सकाळी रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले. पशुवैद्यकांनी पाहताच सांगितले, "पार्व्हो आहे." चार दिवस सलाईन चालली, साडेतीन हजार रुपये गेले आणि पाचव्या दिवशी पहाटे पिल्लू मेले. दुकानदाराकडे गेल्यावर तो म्हणाला, "इथून नेताना चांगले होते ना? तुम्हीच काहीतरी खायला घातले असेल." घरची बाई एवढेच म्हणाली, "ताई, पैसे गेले ते गेले. पण पोर दोन दिवस जेवली नाही हो."

ही गोष्ट एका घरची नाही. पनवेल, कामोठे, खारघर या भागांत वस्ती वाढली, तशी कुत्रा पाळण्याची हौसही वाढली. हौस वाईट नाही. पण विकत घेताना काय दिसत नाही, हे आपल्या माणसांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

चांगले दिसणारे पिल्लू आजारी कसे पडते?

पार्व्हो हा विषाणूचा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. म्हणजे दुकानात उड्या मारणारे पिल्लू आतून आजारी असू शकते आणि रोग बाहेर पडतो तो आपल्या घरी. अनेक ठिकाणांहून आणलेली पिल्ले एकाच खोक्यात ठेवली, की एकाचा रोग सर्वांना लागतो. शिवाय हा विषाणू जमिनीवर, भांड्यात, गोणपाटात कित्येक महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही, त्यासाठी ब्लीचिंगच लागते. म्हणून ज्या घरात पिल्लू पार्व्होने गेले, तिथे लगेच दुसरे आणू नये.

"लस झालेली आहे" या शब्दांनीही फसायला होते. एका लसीने भागत नाही. पार्व्हो व डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. कारण आईच्या दुधातून मिळालेली शक्ती अंगात असेपर्यंत लस नीट काम करत नाही आणि ती शक्ती प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी संपते. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचे लेबल चिकटवलेले असते, तारीख असते, पशुवैद्यकाची सही आणि नोंदणी क्रमांक असतो. एवढे नसेल तर ते कार्ड म्हणजे नुसता रंगीत कागद.

आईपासून लवकर तोडलेले लेकरू

पिल्लू जितके लहान तितके गोजिरवाणे आणि तितके लवकर विकले जाते. म्हणून चार-पाच आठवड्यांची पिल्लेही बाजारात येतात. पण याच वयात ते भावंडांशी खेळताना, किती जोरात चावले की दुसऱ्याला दुखते, हे शिकत असते. हे शिक्षण अर्धवट राहिले, तर पुढे तेच कुत्रे घाबरट किंवा चावरे होण्याचा धोका वाढतो आणि मग घरचे म्हणतात, "कुत्रा खोडीचा निघाला."

आणि त्याची आई कुठे असते? ती कधीच दिसत नाही. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी विते. पैशाच्या हव्यासाने काही लोक तिला प्रत्येक वेळी गाभण ठेवतात. अंधाऱ्या खोलीत, पिंजऱ्यात तिचे आयुष्य जाते. अंगात त्राण उरले नाही की तिला रस्त्यावर सोडतात. आपण मोजलेल्या पैशांतून हाच धंदा पुढे चालतो, हे विसरता कामा नये.

जाहिरातीने फॅशन आणली की हाल आणखी वाढतात. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग घराघरांत पोहोचला आणि पगला मागणी आली. पण चपट्या नाकाच्या या जातीला श्वास घेणे मुळातच जड जाते. आपल्या पत्र्याच्या घरात, मे महिन्याच्या उकाड्यात त्याची काय अवस्था होईल? बर्फाळ मुलखातल्या हस्कीचेही तेच.

कायदा काय सांगतो?

कायदा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी २०१७ मध्ये आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घ्यायची नाहीत, वर्षातून एकाहून अधिक वेत नाही आणि आयुष्यात पाचच वेते.

आता आमच्या शेजाऱ्याचे उदाहरण पाहा. दुकानदाराने स्वतःच्या तोंडाने वय पंचेचाळीस दिवस सांगितले. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. नियम मोडल्याची कबुली त्यानेच दिली होती, पण ती ओळखायला नियम माहीत नव्हता.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधल्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईतल्या बेकायदा प्राणी-विक्रीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. तरी धंदा का थांबत नाही? एक कारण असे, की प्राण्यांच्या छळाविरुद्धचा मूळ कायदा १९६० चा आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये! म्हणून खरा लगाम गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

पैशाच्या फसवणुकीसाठी मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला शुल्क लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो. पण पावती नसेल तर बाजू लंगडी पडते.

घरातल्या लेकरांसाठी

एक गोष्ट आयाबायांनी पक्की लक्षात ठेवावी. पिल्लू कितीही लहान असो, त्याचे दात किंवा नख लागून रक्त आले, तर "आपलेच पिल्लू आहे" म्हणून सोडू नका. रेबीज पिल्लालाही होऊ शकतो आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. लगेच पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात जा. तिथे लस मोफत मिळते. सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शने पुरी करा. कुत्र्यालाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचा आणि पुढे दरवर्षी.

मग कुत्रा पाळायचाच नाही का?

जरूर पाळावा. पण आधी घरात बसून हिशोब करावा. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. त्याचे खाणे, लसी, जंताचे औषध, सुट्टीत गावी जाताना त्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरवावे. विकत घ्यायचाच असेल तर नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, पिल्लाची आई दाखवायला सांगावे, पावती घ्यावी आणि त्याच दिवशी आपल्या ओळखीच्या पशुवैद्यकांना दाखवावे. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

नाहीतर आपल्या गल्लीतले देशी पिल्लू काय वाईट आहे? इथल्या उन्हापावसात त्याच्या पिढ्या वाढल्या. त्याला किंमत पडत नाही, फक्त लसी आणि माया लागते.

आमच्या शेजाऱ्यांनी घर ब्लीचिंगने धुतले आणि नऊ-दहा महिने थांबले. नंतर इमारतीखालच्या कुत्रीचे एक तांबूस पिल्लू पोरीने निवडले, त्याच्या सगळ्या लसी पुऱ्या केल्या आणि मगच त्याला वर आणले. परवा मी गेले, तर ते दारात आडवे पडले होते आणि पोर त्याच्या पोटाला पाठ टेकून आठवीचे गणित सोडवत होती. मी विचारले, "काय गं, कोणत्या जातीचा आहे?"

ती वर न बघताच म्हणाली, "मावशी, त्याला जात नाही. त्याचं नाव राजू आहे."